बालेकिल्ला : पन्हाळ्याचा आणि कार्थेजचा



आपल्या शाळेची सहल पन्हाळ्याला जाते. निपाणी, कागल, कोल्हापूर करत गाडी गडावर पोहोचते. मुले तीन दरवाजा पाहतात, सज्जाकोठीवर फोटो काढतात, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा देतात आणि अंबरखान्यात शिरून आपापला आवाज घुमवून बघतात. परत आल्यावर सहलीचे वर्णन लिहायला सांगितले की बहुतेक वह्यांत एकच रात्र असते, १६६० च्या जुलै महिन्यातली. ती रात्र लिहिण्यासारखी आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पन्हाळ्याचे वय आठशे वर्षांहून जास्त आहे. त्याची शेवटची मोठी लढाई त्या रात्रीनंतर एकशे चौऱ्याऐंशी वर्षांनी झाली, आणि ती पेटली आपल्या चिकोडी-निपाणीपासून फार दूर नसलेल्या एका गडावर. ती एकाही वहीत सापडली नाही म्हणून हा लेख.

सुरुवात एका शब्दापासून करतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकांत सगळ्यालाच 'किला' म्हणत. 'बालेकिल्ला' हा शब्द मराठीत आल्यावर मला प्रथम भेटला, तेव्हा वाटले की 'बाल' म्हणजे लहान, म्हणून छोटा किल्ला! वर्गात तुमच्यापैकीही काहींनी हेच उत्तर दिले आहे. खरे म्हणजे फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. गोवळकोंड्याच्या सर्वांत उंच भागाला 'बाला हिसार' म्हणतात. काबूल आणि पेशावरलाही बाला हिसार आहेत. तेव्हा बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याच्या आतला, सर्वांत वरचा आणि सर्वांत शेवटी पडणारा भाग. बाहेरचा तट गेला, पेठ गेली, तरी जिथे शिरून दार लावता येते ती जागा.

अशी जागा जगात पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्यातली एक फार जुनी आणि फार प्रसिद्ध जागा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिस शहराजवळ आहे. तिचे नाव बिर्सा. हा कार्थेज नगराचा बालेकिल्ला. कार्थेज वसवले ते फिनिशियन लोकांनी. ते मूळचे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे, व्यापारी आणि दर्यावर्दी. टायर हे त्यांचे मोठे बंदर होते. परंपरेप्रमाणे कार्थेजची स्थापना इसवी सनापूर्वी ८१४ मध्ये झाली.

स्थापनेची गोष्ट तुम्हाला आवडेल. टायरची राजकन्या एलिसा हिच्या नवऱ्याला तिच्याच भावाने, म्हणजे राजाने, मारले. ती माणसे आणि धन घेऊन गलबतांतून पळाली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. तिथल्या राजाकडे तिने जागा मागितली. तो म्हणाला, बैलाच्या एका कातड्याखाली मावेल एवढी घे. एलिसाने कातड्याची अगदी बारीक वादी कापली आणि तिने सबंध टेकडीला वेढा घातला. आपल्याकडे वामनाने तीन पावले मागितली त्याच जातीची ही गोष्ट. गणिताच्या शिक्षकांना ती अजूनही लागते. ठरावीक लांबीच्या दोरीने जास्तीत जास्त जागा घेरायची तर आकार कोणता, या प्रश्नाला एलिसाच्या दुसऱ्या नावावरून 'डायडोचा प्रश्न' म्हणतात. उत्तर वर्तुळ. आणि मोकळा समुद्रकिनारा एका बाजूला असेल तर अर्धवर्तुळ, कारण तिकडे वादी लागतच नाही.

गोष्ट बहुधा नावावरून तयार झाली असावी. ग्रीक भाषेत 'बिर्सा' म्हणजे कातडे. फिनिशियन भाषेत किल्ला या अर्थाचा तसाच काही शब्द होता, ग्रीकांना तो आपल्या शब्दासारखा ऐकू आला आणि मग कातड्याची कथा जोडली गेली, असा अभ्यासकांचा कयास आहे. आपल्या पन्हाळ्याचेही तेच. पन्नग म्हणजे नाग, आलय म्हणजे घर, म्हणून हा नागांचा डोंगर, अशी कथा सांगतात. पराशर ऋषींनी इथे तप केले अशीही आहे, आणि त्यांच्या नावाच्या गुहा गडावर दाखवतात. मोठ्या जागेला नुसते नाव पुरत नाही, लोक गोष्ट लावतातच.

आता पन्हाळ्याचा ठाम इतिहास. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला दुसरा भोज हा इथे राहून राज्य करी, हे ११९१-९२ च्या ताम्रपटावरून कळते. कोल्हापूर भागातले अनेक गड त्यानेच बांधले असे मानतात. देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकाच्या आरंभी त्याचा पराभव केला आणि शिलाहारांचे राज्य संपले. पुढे बहामनी आले, मग विजापूरचे आदिलशहा. आज आपण जो तट, तीन दरवाजा आणि सज्जाकोठी पाहतो त्यातले बरेचसे काम आदिलशाहीच्या काळचे. तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहे. सहलीत तो दाखवला की मुले विचारतात, शिवाजी महाराजांच्या गडावर फारसी कशी? कारण गड महाराजांनी बांधला नाही, घेतला. आपल्याकडचे बहुतेक गड असे हातोहात फिरलेले आहेत.

अफझलखान १० नोव्हेंबर १६५९ ला मारला गेला आणि अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला पन्हाळा महाराजांच्या ताब्यात आला. पुढल्या वर्षी सिद्दी जौहरने वेढा घातला. वेढ्याचा शेवट तुम्हाला पाठ आहे. शिवा काशीद महाराजांचे रूप घेऊन पालखीत बसला आणि मारला गेला. बाजीप्रभू देशपांडे खिंडीत पडले. महाराज विशाळगडी पोहोचले. पण याच वेढ्यातली एक बाब वह्यांत येत नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी आपला दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आले होते, आणि त्यांनी स्वतःचे निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याने निशाण लावून दुसऱ्याच्या लढाईत उतरणे महाराजांना खपले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी राजापूरची वखार लुटली आणि त्या इंग्रजांना कैद केले. हे लक्षात ठेवा, कारण इंग्रज पन्हाळ्यासमोर आणखी दोनदा येणार आहेत.

१६६० मध्ये गड परत आदिलशहाकडे गेला. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघी साठ माणसे घेऊन तो रात्रीत घेतला. सात किलोमीटरच्या आसपास घेर असलेला, अर्ध्या बाजूने नैसर्गिक कडा आणि अर्ध्या बाजूने जाड तट असलेला गड साठ माणसांनी घ्यावा! तटाच्या उंचीवर फार भरवसा ठेवू नये तो असा. संभाजी महाराज दिलेरखानाच्या गोटातून परत आले ते पन्हाळ्यावरच, आणि पितापुत्रांची शेवटची भेट १६८० च्या सुरुवातीला इथेच झाली. १७०१ मध्ये खुद्द औरंगजेबाने वेढा देऊन गड घेतला. त्या वेळी त्याच्या छावणीत इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस व्यापाराच्या सवलती मागायला आला होता. ही इंग्रजांची दुसरी फेरी. त्याला काही मिळाले नाही. गडही मोगलांना फार दिवस मिळाला नाही, मराठ्यांनी लवकरच परत घेतला. त्यानंतर ताराराणींनी पन्हाळ्याला राजधानी केली आणि १७८२ मध्ये ती कोल्हापूरला हलेपर्यंत करवीरचे राज्य इथून चालले. कवी मोरोपंत १७२९ मध्ये इथलेच जन्मलेले.

या घडामोडी मी भरभर सांगितल्या, कारण मला थांबायचे आहे ते अंबरखान्यापाशी. पन्हाळ्याचा बालेकिल्ला म्हणजे हाच भाग. भोवती खंदक होता, आत धान्याची तीन कोठारे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्यांची नावे. सर्वांत मोठी गंगा कोठी सुमारे दहा हजार चौरस फुटांची आणि पस्तीस फूट उंच आहे. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे. नाचणी, वरी, भात असले टिकाऊ धान्य छतातल्या भोकांतून वरून ओतायचे आणि खालून काढायचे. म्हणजे बालेकिल्ल्यात, सर्वांत शेवटी सोडायच्या जागेत, राजवाड्याआधी धान्य. पाण्याचेही तसेच. तीन दरवाजाजवळची अंधारबाव तीन मजली आहे. तळाला पाणी, मधल्या मजल्यावर पहारा आणि बाहेर पडायला चोरवाट. पाणी कोणी नासवू नये म्हणून विहिरीचाच किल्ला केला. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे, त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर वेगळे प्रकरण आहे. त्यात आधी पाणी पाहावे आणि मगच गड बांधावा असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

धान्य आणि पाणी झाले. तिसरी गोष्ट माणसे. शिवकालात प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. एकाकडे किल्ल्या, एकाकडे हिशेब, एकाकडे कोठार. कोणा एकाला फितवून गड मिळू नये म्हणून ही व्यवस्था. यांच्या खाली गडकरी. गडकरी म्हणजे पिढ्यानपिढ्या एकाच गडाची राखण करणारी कुटुंबे. बुरूज, दरवाजे, पहारे वाटून दिलेले आणि त्याच्या बदल्यात गडाखाली इनाम जमीन. पगार नव्हे, जमीन. गड राहिला तर शेत राहील, असा हा संबंध होता. महाराज गेले, राजधानी हलली, तरी ही माणसे गडावर राहिली.

आता १८४४. त्याआधी आपल्या गावाचा संबंध सांगतो. चिकोडी आणि मनोळी हे परगणे त्या काळात पेशवे, निपाणकर आणि करवीरकर यांच्यात सतत वादात होते. १८१७ च्या सुमारास इंग्रजांनी ते कोल्हापूरला दिले आणि दहा-बारा वर्षांत तहाने परत काढून घेतले. त्याच तहांच्या काळात, १८२७ मध्ये, पन्हाळा आणि शेजारचा पावनगडही काही काळ इंग्रजांच्या हाती गेले. चिकोडी आणि पन्हाळा एकाच कागदावर आले ते असे.

पुढे कोल्हापूरचे राजे लहान वयाचे असताना इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. कारभार सुधारायचा म्हणून त्यांनी गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या व्यवस्थेतून काढून मामलेदारांच्या हाताखाली आणायला घेतल्या. कागदावर हा साधा फेरबदल होता. गडकऱ्यांना त्यात पुढचे दिसले. आज मामलेदार वसूल पाहणार, उद्या इनाम खालसा होणार. जुलै १८४४ मध्ये सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. सामानगड गडहिंग्लज तालुक्यात, संकेश्वरहून जवळ. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक त्या बाजूला आहे. मग भुदरगड उठला, पन्हाळा उठला. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांनी त्याला धरून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले.

सामानगडावर पहिली फौज निघाली ती बेळगावच्या छावणीतून, म्हणजे आपल्याच मुलखातून. तिच्याने काम झाले नाही, मोठ्या तोफा आणि जनरल डेलामोट यावा लागला. ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला, नोव्हेंबरमध्ये भुदरगड. १ डिसेंबर १८४४ ला तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडून इंग्रज आत शिरले, आणि त्याच दिवशी पावनगडही गेला. ही त्यांची तिसरी फेरी. गडकऱ्यांची वंशपरंपरागत शिबंदी मोडून टाकण्यात आली. आणि चार दरवाजा, जो गडाचा सर्वांत भक्कम दरवाजा होता, पाडून टाकला. तुमची गाडी आज जिथून सहज आत जाते, ती त्याचीच जागा.

गड जिंकल्यावर दरवाजा पाडायचा कशाला? हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता, आणि त्याचे उत्तर मला बिर्साच्या इतिहासात मिळाले. म्हणून सुरुवातीला तुम्हाला इतक्या लांब नेले.

रोम आणि कार्थेज यांची तीन युद्धे झाली. दुसऱ्या युद्धात हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला, ते तुम्ही ऐकले असेल. तो हरला, कार्थेजचे आरमार गेले, पण व्यापाराने ते शहर पुन्हा उभे राहिले. रोमला ते सहन होईना. इसवी सनापूर्वी १४९ मध्ये रोमने शस्त्रे मागितली. कार्थेजने दिली, दोन लाख चिलखते आणि दोन हजार दगडफेकी यंत्रे, असे जुने इतिहासकार लिहितात. शस्त्रे हाती आल्यावर रोमने शेवटची अट सांगितली. शहर रिकामे करा आणि समुद्रापासून दहा मैल आत जाऊन राहा. दर्यावर्दी लोकांना समुद्रापासून तोडणे म्हणजे गडकऱ्याला गडाच्या शेतापासून तोडणे. तेव्हा कार्थेजने दरवाजे लावले. शस्त्रे तर दिलेली होती. नवी करायला घेतली, यंत्रांच्या दोरांसाठी बायकांनी केस कापून दिले, आणि शहर तीन वर्षे टिकले.

इसवी सनापूर्वी १४६ च्या वसंतात सेनापती सिपिओ तटाच्या आत आला. बाजारपेठेतून बिर्साकडे तीन रस्ते चढत होते, दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली घरे. घर एक एक करून लढत रोमन सैन्याला टेकडीच्या माथ्याशी पोहोचायला सहा दिवस आणि सहा रात्री लागल्या. बालेकिल्ल्यातून पन्नास हजार माणसे शरण आली आणि गुलाम झाली. माथ्यावर एश्मून देवाचे मंदिर होते, साठ पायऱ्या चढून जावे लागे असे. रोमन फौजेतून फुटून कार्थेजला मिळालेले नऊशे शिपाई तिथे शेवटपर्यंत राहिले, कारण त्यांना माफी नव्हती. त्यांनी मंदिर स्वतःच पेटवले.

(जाता जाता : रोमनांनी कार्थेज नांगरून त्यात मीठ पेरले असे तुम्हाला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. मीठ पेरल्याचे एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेले नाही. ती भर फार अलीकडची आहे. छापलेले आहे म्हणून खरे, असे समजू नका.)

शहर जाळून झाल्यावर शंभरेक वर्षांनी रोमनांनी तिथेच आपले नवे शहर वसवले. तेव्हा त्यांनी बिर्साचा माथा चक्क कापून सपाट केला आणि निघालेली माती उतारावर लोटली. टेकडी मुळात जेमतेम साठ मीटरची, पन्हाळ्याच्या मानाने टेंगूळच. सपाट केलेल्या जागेवर रोमन चौक आणि इमारती आल्या. हे पाहिल्यावर चार दरवाजाचा उलगडा झाला. इंग्रजांना पन्हाळा राहण्यासाठी नको होता. पण आत जाऊन दार लावता येते, ही आठवण गडकऱ्याच्या मनात राहायला नको होती. दार असते तर कधी तरी कोणी ते पुन्हा लावले असते.

यात एक मौज अशी की पाडणाऱ्याकडून काहीतरी सुटतेच. रोमनांनी उतारावर लोटलेल्या मातीखाली कार्थेजची जुनी घरे दबून राहिली. फ्रेंच संशोधकांनी विसाव्या शतकात ती उकरली तेव्हा अरुंद गल्ल्या, दुकाने, फरश्या आणि प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके मिळाले. माथ्यावरचे मंदिर गेले, टाकी राहिली. पन्हाळ्यावरही चार दरवाजा गेला, अंबरखाना आणि अंधारबाव राहिली. पाडणाऱ्याचे डोळे दारावर असतात. कोठार आणि विहीर यांना तो लढाईची वस्तू समजत नाही.

कार्थेजचे अवशेष १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले त्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा आहे. सामानगड नाही, आणि संकेश्वरजवळचा आपला वल्लभगडही नाही. यादीत नसलेल्या गडांवर जायला बंदी नाही. वल्लभगड तर अर्ध्या दिवसात पाहून होतो, आणि सामानगडला जाणे आता अवघड राहिलेले नाही.

यंदाच्या सहलीसाठी तीन कामे देतो. चार दरवाजापाशी गाडीतून उतरा आणि पडलेल्या चौथऱ्याच्या दगडांवरून दरवाजा केवढा असेल त्याचा अंदाज करा. तीन दरवाजाखाली उभे राहून अंधारबावेचे तिन्ही मजले आकृतीत काढा. आणि गंगा कोठीत आवाज घुमवून झाला की वर पाहा, छतातली भोके मोजा आणि आकडा वहीत लिहा. गेल्या वेळी दोन गटांचे आकडे जुळले नव्हते.